दुसऱ्याच्या कार्डावर ॲडमिट: छोट्या हॉस्पिटलात बायोमेट्रिक कसं बसवायचं आणि कसं चालवायचं

हे लिहितोय ते कोकणातल्या छोट्या-मध्यम हॉस्पिटलातल्या लोकांसाठी, म्हणजे आरोग्यमित्र (हॉस्पिटलात सरकारी योजनेचं काम बघणारे), इन्शुरन्स डेस्कवाले, रिसेप्शनवर बसणारी पोरं, वॉर्डातल्या सिस्टर, आणि हो, मालक डॉक्टरसुद्धा. मी रत्नागिरी जिल्ह्यात हेच काम करतो, प्रीऑथ (उपचाराआधीची मंजुरी), क्वेरी (योजनेकडून आलेल्या शंका), क्लेम आणि "अंगठा लागत नाही" या चार गोष्टींत दिवस जातो. बायोमेट्रिक मशीन, म्हणजे बोट, डोळा किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवणारं यंत्र, विकणारे येऊन सांगतात की हे बसवलं की फ्रॉड बंद. तसं काही होत नाही, पण नीट वापरलं तर एका विशिष्ट प्रकारचा फ्रॉड खरंच बंद होतो, आणि तो कुठला हे आधी समजून घेतलं नाही तर सगळी मेहनत फुकट.

आपल्याकडे मोटामोटी तीन प्रकार चालतात. पहिला, पेशंट एक आणि सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड दुसऱ्याचं. दुसरा, कार्डवाला माणूस घरी भात झोडतोय आणि कागदावर मात्र आपल्या वॉर्डात ॲडमिट आहे, म्हणजे कुठल्यातरी शिबिरात कार्ड गोळा केली आणि परस्पर क्लेम लावले. तिसरा, माणूस खरा, बेड खरा, पण साध्या तापाचं आयसीयू झालं किंवा न झालेल्या ऑपरेशनचं पॅकेज, म्हणजे योजनेने ठरवलेली रक्कम, लागलं. बायोमेट्रिक पहिला प्रकार पकडतं, दुसरा बऱ्यापैकी पकडतं आणि तिसऱ्याला हातही लावत नाही. एस्टीचा कंडक्टर जसा तिकीट बघतो, तुम्ही उतरून काय करणार ते नाही, तसंच हे. तिसऱ्यासाठी केस पेपर, रिपोर्ट, फिल्म आणि बिलं तपासणारा माणूसच लागतो.

ही कल्पना नवी नाहीच. २००८ साली राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली तेव्हा ३० रुपयात स्मार्ट कार्ड मिळायचं, कुटुंबाला वर्षाला ३० हजारांचं कव्हर, आणि कार्डाच्या चिपमध्येच बोटांचे ठसे. पुढे २३ सप्टेंबर २०१८ ला आयुष्मान भारत सुरू झाली, कव्हर ५ लाखांवर गेलं आणि ओळख आधारवर आली. आपल्या राज्यात २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली, पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपला रायगड होता, २०१७ ला तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं. रक्कम वाढली तसा मोह वाढला, त्यात नवल नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कॅगचा, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा, रिपोर्ट आला त्यात ७.५ लाखाच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाईल नंबरला जोडलेले निघाले, आणि नंबर कुठला तर ९९९९९९९९९९. आधीच्या उपचारात मयत दाखवलेल्या लोकांच्या नावावर पुन्हा उपचार झालेलेही त्याच रिपोर्टात होते. सरकारकडून खुलासा आला की लाभार्थी ओळखायला मोबाईल नंबर वापरतच नाहीत, असेल, पण डेस्कवर बसून सांगतो, जिथे नंबर भरायचाच असतो आणि माणसाकडे फोन नसतो तिथे कोणीतरी काहीतरी टाकून पुढे जातं, आणि मग तीच सवय लागते.

आधी सामान

फिंगरप्रिंट मशीन घेताना एल-वन दर्जाची घ्या, म्हणजे ठसा मशीनच्या आतच एन्क्रिप्ट होऊन बाहेर पडतो. जुनी एल-झिरो कोणी स्वस्तात देत असेल तर नको, सेतूवाल्याकडे पडलेली आणून चालवू असं म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. मंत्रा, मॉर्फो वगैरे जे कुठलं घ्याल त्याचं आरडी सर्व्हिसचं (मशीन आधारशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं) रजिस्ट्रेशन कधी संपतं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण ते नेमकं शनिवारी संध्याकाळी संपतं आणि मशीन लाल दिवा दाखवत बसतं. फिंगर मशीन दोन हवीत, एक डेस्कवर आणि एक वॉर्डात फिरायला. शिवाय एक आयरिस मशीन, म्हणजे डोळ्याच्या बुबुळावरून ओळखणारं. महाग वाटतं, पण कोकणात आयरिसशिवाय काम भागत नाही, का ते खाली सांगतोच. तिसरा मार्ग चेहऱ्याचा, त्याला फक्त बरा कॅमेरा असलेला अँड्रॉइड फोन आणि आधार फेस आरडी नावाचं ॲप लागतं.

इन्व्हर्टर डेस्कच्या पॉइंटला जोडा, नुसता ओटीला (ऑपरेशन थिएटरला) नको. दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असलेला डोंगल ठेवा. पावसात फायबर तुटतो, टॉवरची बॅटरी उतरते, आणि ऑथेंटिकेशन, म्हणजे आधारशी ठसा जुळवणं, हे ऑनलाईनच असतं, सर्व्हरपर्यंत पोचलं नाही तर बोट कितीही स्वच्छ असो उपयोग शून्य.

एक महत्त्वाचं, लॉगिन. प्रत्येक ऑपरेटरचा आयडी वेगळा पाहिजे. मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी मी बऱ्याच ठिकाणी बघितली आहे, ती असेल तर मशीन न घेतलेलं बरं, कारण उद्या चौकशी लागली की रात्री दोन वाजता कोणी एंट्री केली याचं उत्तर कोणाकडेच नसतं आणि अडकतो तो ज्याच्या नावाचा आयडी आहे तो.

ॲडमिशनच्या वेळी

क्रम असा ठेवा: आधी डॉक्टरने पेशंट बघायचा, मग बोट. उलटं करू नका. श्वास लागलेल्या माणसाला खिडकीपाशी उभं करून "दुसरं बोट ठेवा" करणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. इमर्जन्सीत फोनवर कळवून उपचार सुरू करायची सोय योजनेत आहे, ती वापरा.

पेशंट स्थिर असेल तर रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड असेल तर ते, आणि आधार घ्या. योजनेच्या पोर्टलवर नाव उघडा, फोटो समोर ठेवा आणि माणसाकडे खरंच बघा. मग नाव, वय, गाव, घरात कोण कोण हे सहज बोलता बोलता विचारा, पोलिसासारखं नाही. "तुमचं नाव अमुक ना?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. "नाव सांगा पूर्ण" असं विचारा. त्यानंतर संमती, म्हणजे हे बोट कशासाठी घेतोय ते त्याच्या भाषेत एका वाक्यात सांगायचं. मग ऑथेंटिकेशन, मग बेडवरचा फोटो, मग हाताला पट्टी. पट्टीवर नाव आणि आयपीडी नंबर, म्हणजे ॲडमिशनचा नंबर, असतो, पुढचं सगळं त्या पट्टीवर चालतं, त्यामुळे बोट लागलेल्या माणसाच्याच हाताला ती तिथल्या तिथे बांधा. नातेवाईकाच्या हातात देऊन "बांधा हो वर जाऊन" असं केलंत की साखळी तुटली.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. आधारचं ऑथेंटिकेशन म्हणजे आपण एक नंबर आणि एक बोट पाठवतो आणि तिकडून उत्तर येतं की हे बोट या नंबरचं आहे किंवा नाही. एवढंच. नुसतं बोट ठेवून "हा कोण आहे ते सांग" असं विचारता येत नाही. हायवेवर ॲक्सिडेंट झालेला, खिशात काही नसलेला, बेशुद्ध माणूस आणला तर त्याचं बोट मशीनवर दाबून काही कळणार नाही, पोलिसांना कळवायचं आणि उपचार चालू करायचे.

आता समजा जुळलं नाही आणि तुम्हाला कळलं की हा कार्डवाल्याचा भाऊ आहे. आपल्याकडे हे फार होतं. धाकटा मुंबईला, थोरला गावी, चेहरा तोच, बापाचं नाव तेच, आणि कार्ड थोरल्याचं. गणपतीला आला, दुखणं निघालं, घरच्यांनी ठरवलं दादाच्या कार्डावर करून टाकू. आरडाओरड करायच्या आधी धाकट्याची स्वतःची पात्रता बघा! १ जुलै २०२४ पासून राज्यात कुठल्याही रंगाचं रेशनकार्ड असलेल्याला, पांढऱ्यासकट, ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, मग कार्ड चेंबूरचं असो की चिपळूणचं. म्हणजे ज्याच्यासाठी खोटं करायला निघालेत ते त्याला खऱ्याने मिळतंय, फक्त माहीत नाही. सत्तरच्या पुढचं माणूस असेल तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना आहे, उत्पन्नाची अट नाही. काउंटरवर पकडलेल्यांपैकी कितीतरी जण असे असतात की त्यांना फसवायचं नसतं, पैसे नसतात आणि घाबरलेले असतात. त्यांना व्यवस्थित सांगा की दादाच्या कार्डावर तुमचं ऑपरेशन झालं तर उद्या दादाच्या रेकॉर्डला तुमचा रक्तगट आणि तुमची शुगर लागेल. हे पटतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९, म्हणजे दुसरा माणूस असल्याचं भासवून फसवणूक, हे नंतर सांगितलं तरी चालतं.

आंब्याच्या सीझनला आणखी एक प्रकार. बागेतला नेपाळी गडी झाडावरून पडतो, बागवाला घेऊन येतो, आणि म्हणतो आमच्या दुसऱ्या गड्याचं कार्ड आहे, त्याच्यावर घ्या. मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरच्या खलाशांचंही असंच. इथे सरळ नाही म्हणायचं, पण माणसाला बाहेर घालवायचं नाही, प्रथमोपचार करून गरज असेल तर सिव्हिलला पाठवायचं आणि बागवाल्याला सांगायचं की कामावर लागलं आहे तर खर्च तुमच्यावर येतो.

बोट लागत नाही

कोकणातली बोटं मशीन बनवणाऱ्याने बघितलेली नाहीत असं मला कायम वाटतं. काजू फॅक्टरीत सोलायला बसणाऱ्या बायका घ्या. टरफलातलं तेल इतकं जहाल की कातडी भाजून निघते, साल जाते, रेषा उरतच नाहीत. चिऱ्याच्या खाणीवरचे, नदीत वाळू काढणारे, बंदरावर मासे निवडणाऱ्या, बर्फात हात घालून घालून बधिर झालेल्या. जुलैत लावणीला दिवसभर चिखलात असलेल्या माणसाची बोटं पांढरी होऊन सुरकुततात. सावंतवाडीकडची एक आजी मशीनला वैतागून म्हणाली होती, "बाबा, तुझा मशीन माजा बोट घेना नाय, सत्तर वर्सा काम केलंय त्या बोटान." त्यांना संशयाने बघणं म्हणजे कष्ट केल्याची शिक्षा देणं.

तर पहिली गोष्ट, लगेच आयरिसवर उडी नको, आधी हे करून बघा. साबणाने कोमट पाण्यात हात धुवायला सांगा आणि पूर्ण कोरडे पुसा. बोट फारच कोरडं, भेगाळलेलं असेल तर पुसटसं व्हॅसलिन लावून लगेच पुसून टाका, किंवा बोट कपाळावर घासायला सांगा, तेवढा तेलकटपणा पुरतो. काच मऊ कोरड्या कापडाने पुसा, आधीच्या पेशंटचा घाम तिथेच असतो. अंगठा आणि तर्जनी सगळ्यात जास्त झिजतात, म्हणून अनामिका, म्हणजे अंगठीचं बोट, वापरून बघा, डाव्या हाताचं तर हमखास बरं असतं. बोट टोकाने टेकवायचं नाही, पेरं आडवं सपाट ठेवायचं, आणि जोरात दाबायचं नाही, दाबलं की रेषा चपट्या होतात. सलाईन लावलेल्या, सुजलेल्या हाताचं बोट घेऊ नका, दुसरा हात वापरा.

मग मशीनवर आलेला एरर वाचा. लोक नुसतं "फेल" म्हणून सोडून देतात, पण नंबरात माहिती असते. ३०० आला तर बोट जुळलं नाही, म्हणजे वरचे उपाय करा किंवा माणूस दुसरा आहे. ३३० आला तर बायोमेट्रिक लॉक आहे. बँकेतले पैसे अंगठ्यावरून गेल्याच्या बातम्या वाचून मुलाने आईबाबांचं आधार लॉक करून ठेवलेलं असतं आणि त्यांना पत्ता नसतो. अशा वेळी मुलाला फोन लावून एम-आधार ॲपवरून थोड्या वेळापुरतं अनलॉक करायला सांगा. ८११ आला तर त्या आधारला बायोमेट्रिक जोडलेलंच नाही, बहुतेक लहानपणी काढलेलं आधार, अपडेट न केलेलं. या तिघांपैकी फक्त पहिल्यात संशयाला जागा आहे, आणि तीही थोडीच.

बोट नाहीच घेतलं तर आयरिस. चष्मा काढायचा, डोळे मोठे उघडायचे, उन्हाकडे तोंड नको. मोतीबिंदू असला तरी आयरिस बहुतेक वेळा लागतो, कारण मोतीबिंदू मागच्या भिंगात असतो आणि मशीन पुढचा रंगीत पडदा बघतं, पण नुकतंच ऑपरेशन झालेला, पट्टी बांधलेला डोळा सोडून द्या. त्यानंतर चेहरा. चेहऱ्याला सरळ उजेड समोरून पाहिजे, मागे खिडकी नको, ॲप डोळे मिचकवायला सांगतं ते आजीला आधी समजावून सांगा, नाहीतर ती मिचकवतच राहते आणि फोटो निघत नाही. चेहरा वापरायचा फायदा असा की त्यात काही टेकवायचं नसतं, बेडवर झोपलेल्या माणसालाही चालतं.

आणि बोटावर लक्ष ठेवा, खऱ्या अर्थाने. सिलिकॉनचा ठसा बोटाला चिकटवून बँक मित्राच्या मशीनवरून पैसे काढल्याच्या केसेस झालेल्या आहेत, आधारवाल्यांनी २०२३ मध्ये जिवंत बोट ओळखायची तपासणी वाढवली ती यामुळेच. बोट ठेवायच्या आधी पेशंटचा हात हातात घेऊन बघा, तसंही प्रेमाने धरलं की म्हातारी माणसं थरथरत नाहीत.

ओटीपी मुंबईला जातो

ओटीपी हा पण एक मार्ग पोर्टल देतं, आणि सगळ्यांना तो सोपा वाटतो. माझं मत, ओटीपी शेवटचा. कारण ओटीपीने एवढंच सिद्ध होतं की कोणाच्यातरी हातात तो फोन आहे. आपल्याकडे आईच्या आधारला नंबर मुलाचा, मुलगा विरारला, आणि ओटीपी येतो तेव्हा तो लोकलमध्ये लटकलेला. तो सहा आकडे फोनवर सांगतो, आपण टाकतो, आणि सिस्टिमला वाटतं पेशंट तपासला. प्रत्यक्षात बेडवर कोण आहे ते कोणीच तपासलं नाही. दुसऱ्या प्रकारच्या फ्रॉडला, घरी बसलेल्या माणसाच्या नावावर क्लेम लावायला, हेच दार उघडं असतं. म्हणून ओटीपी वापरलाच तर त्यासोबत बेडवरचा फोटो आणि ड्युटी डॉक्टरची सही दोन्ही हवं असा हॉस्पिटलचा नियम करा.

जिथे मशीन लावायचंच नाही

पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटं-डोळे नसतातच. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अपडेट करायचं असतं, ते बऱ्याच जणांनी केलेलं नसतं. त्यांच्यासाठी आई किंवा वडिलांचं ऑथेंटिकेशन आणि मुलाचा त्यांच्यासोबत फोटो. नवजात बाळाचं आईच्या कार्डावर चालतं, त्यात आईच्या पट्टीचा आणि बाळाच्या पट्टीचा नंबर एकत्र लिहून ठेवा.

व्हेंटिलेटरवरच्या, बेशुद्ध पेशंटचं बोट नातेवाईकाच्या समोर, सिस्टर हजर असताना घ्या, लपूनछपून नको. भाजलेल्याचं, हात तुटलेल्याचं घेऊच नका, चेहरा किंवा अपवाद. मनोरुग्ण घाबरत असेल तर थांबा.

पेशंट गेला तर मयताचं बोट मशीनवर ठेवायचं नाही. कोणीही सांगितलं तरी नाही. "डिस्चार्जचं ऑथेंटिकेशन राहिलंय, गरम आहे तोवर घ्या" असं बोलणारे महाभाग असतात. मृत्यूचा दाखला, डॉक्टरची नोंद आणि नातेवाईकाचं ऑथेंटिकेशन, एवढंच. पोर्टलवर मृत्यू त्याच दिवशी नोंदवा, म्हणजे त्या नावावर पुढे कोणी काही लावायला गेला तर अडकेल.

वॉर्डात आणि डिस्चार्जला

ॲडमिशनला एकदा बोट लागलं की सगळे निर्धास्त होतात. खरी गंमत मधल्या दिवसांत होते. कार्डवाला येतो, अंगठा लावतो, आणि त्याच्या बेडवर मेहुणा झोपतो. म्हणून ओटीत घ्यायच्या आधी पट्टी आणि चेहरा पुन्हा बघायचा. सर्जरीच्या सुरक्षेची चेकलिस्ट तुम्ही वापरत असालच, त्यात पेशंटने स्वतःचं नाव सांगायचं असतंच, तिथेच फोटो पण जुळवा, वेगळा वेळ लागत नाही. मध्ये एखाद दिवस, न सांगता, वॉर्डात फिरतं मशीन नेऊन दोन-चार बेड तपासा. कुठले ते आधी ठरवू नका आणि आधी कोणाला सांगू तर अजिबात नका.

डिस्चार्जला पुन्हा बोट. हे लोक टाळतात कारण पेशंट घाईत असतो, एस्टी गाठायची असते, आणि मग संध्याकाळी सगळे डिस्चार्ज एकदम पोर्टलवर टाकले जातात. बोट घ्यायचं ते डिस्चार्ज कार्ड हातात देताना, त्यालाच जोडून. डामा झाला, म्हणजे सल्ला न ऐकता पेशंट निघून गेला, तर तसं लिहा, कोणाचंही बोट लावून पूर्ण डिस्चार्ज दाखवू नका.

डायलिसिसवर जास्त जोर द्या. आठवड्याला दोन-तीन वेळा येणारा पेशंट, सगळे ओळखीचे, आणि म्हणूनच तिथे "आज आला नाही तरी लावून टाक" सगळ्यात सहज होतं. प्रत्येक सेशनला, सुरू करताना, ऑथेंटिकेशन. फिस्टुलाच्या (डायलिसिसची सुई टोचतात त्या) हाताला हात लावू नका, दुसऱ्या हाताचं बोट घ्या. केमोला तेच, फक्त काही केमोच्या औषधांनी तळहाताची कातडी सोलवटते आणि ठसे पुसट होतात, म्हणून पहिल्या दिवसापासून आयरिस किंवा चेहऱ्यावर ठेवा.

मेडिक्लेमवाले

खाजगी पॉलिसीच्या पेशंटला वरचं जसंच्या तसं लावता येत नाही. हॉस्पिटलला परवानगी नसताना स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून आधारचं बायोमेट्रिक ऑथेंटिकेशन करता येत नाही, योजनेच्या पोर्टलवर होतं ते योजनेच्या परवानगीवर. पण आधारच्या कागदावरचा क्यूआर कोड आधारच्याच ॲपने स्कॅन केला की सही केलेली माहिती आणि फोटो दिसतो, तो छापलेल्या फोटोशी आणि माणसाशी जुळवा. फोटोशॉप केलेली झेरॉक्स इथेच पकडली जाते. बाकी कॅशलेसचं आता वेगात असतं, मे २०२४ च्या इर्डाच्या (विमा नियामकाच्या) सर्क्युलरप्रमाणे विमा कंपनीने मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे, त्यामुळे ओळखीचं काम ॲडमिशनलाच पक्कं करा, शेवटच्या तीन तासांत धावाधाव नको.

अपवादाचं रजिस्टर

माझ्या मते सगळ्या लेखातलं हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. बोट, डोळा, चेहरा काहीच लागलं नाही तर पेशंटला परत पाठवायचं नाही, अपवाद म्हणून घ्यायचं. पण अपवाद म्हणजेच चोरदार, आणि ज्याला फ्रॉड करायचा आहे तो मशीनशी झगडत बसत नाही, तो सरळ "बोट लागत नाही" लिहितो. म्हणून एक जाड वही करा आणि त्यात तारीख, वेळ, आयपीडी नंबर, काय काय करून बघितलं, कुठला एरर आला, बोटांची अवस्था कशी होती, ओळख दुसऱ्या कशाने पटवली, आणि कोणी मंजूर केलं हे सगळं लिहा. मंजूर करणारा डेस्कवरचा नको, मेडिकल सुपरिटेंडेंट किंवा ड्युटी डॉक्टर. ओळख पटवायला गावचा सरपंच, पोलीस पाटील किंवा आशाताईला फोन केला तरी चालतो, आशाताईला तर घरातलं कोण कुठे आहे ते तोंडपाठ असतं.

ही वही दर आठवड्याला कोणीतरी डेस्कबाहेरच्याने वाचायची. काय बघायचं? अपवाद एकाच ऑपरेटरच्या पाळीत येतायत का, एकाच डॉक्टरच्या किंवा एकाच पॅकेजच्या केसला येतायत का. एक मोबाईल नंबर वेगवेगळ्या घरांतल्या पेशंटना लागलाय का. डिस्चार्जचे ठसे पाच मिनिटांच्या अंतराने ओळीने लागलेत का. एकाच वाडीतले खूप जण एकाच आठवड्यात एकाच ऑपरेशनला आलेत का, शिबिर झालं असेल तर ठीक आहे, पण मग शिबिराचे कागद दाखवा. काजू फॅक्टरीच्या बायका अपवादात दिसल्या तर समजू शकतो, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ दिसले तर एक फोन करा त्यांच्या घरी. फोन असा करायचा, "तब्येत कशी आहे आता?" समोरून "कसली तब्येत?" आलं की तुम्हाला पुढचं कळेलच.

नावांचा घोळ मात्र फ्रॉड समजू नका. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव, रेशनकार्डावर कोकाटे आणि आधारवर कोकटे, जन्मतारीख सगळ्यांचीच १ जानेवारी किंवा १ जून. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात कितीतरी घरांची कागदपत्रं गेली, नंतर काढलेल्या डुप्लिकेटमध्ये स्पेलिंग बदललं. अशा ठिकाणी बोट जुळलं की प्रश्न मिटतो, आणि बायोमेट्रिकचा हा खरा फायदा गरिबालाच होतो.

डेटा सांभाळा

ठसे साठवायचे नाहीत, मशीनचा स्क्रीनशॉट काढायचा नाही, आणि हॉस्पिटलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधारचा फोटो तर चुकूनही टाकायचा नाही. आधार कायद्याप्रमाणे बोटं आणि डोळ्यांचा डेटा कुठल्याही कारणासाठी कोणाला देता येत नाही. फाईलवर नंबर लिहायचाच असेल तर शेवटचे चार आकडे, मास्क्ड आधारची प्रिंट लावा. जुन्या झेरॉक्स रद्दीवाल्याला देऊ नका, परवा कुठेतरी आधारच्या झेरॉक्समध्ये भजी बांधून आली, हसावं की रडावं कळेना.

लाईट, रेंज, सर्व्हर तिन्ही गेलं तर? कागदावर वेळ लिहून, फोटो काढून ॲडमिट करा, लाईन आली की पेशंट वॉर्डात असतानाच बोट घ्या आणि उशीर का झाला ते वहीत लिहा. वादळाच्या दिवसांत दोन-दोन दिवस असंच चालतं, त्याला इलाज नाही.

पेशंटच्या बाजूने कोणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: आपलं कार्ड शिबिरात कोणाकडे ठेवायला देऊ नका, ओटीपी सांगायच्या आधी कशासाठी ते विचारा, आणि अधूनमधून आधारच्या साइटवर किंवा एम-आधारवर ऑथेंटिकेशन हिस्ट्री बघा, मागच्या सहा महिन्यांत आपलं बोट किंवा ओटीपी कुठे वापरलं गेलं ते तिथे दिसतं. न केलेला उपचार आपल्या नावावर दिसला तर आयुष्मानसाठी १४५५५ आणि महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८ ला फोन करा, आधारचं काही असेल तर १९४७. फोनवर मिळालेला तक्रार नंबर लिहून घ्या, आणि शक्य असेल तर जिल्ह्याच्या योजना कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, पोचवर शिक्का बघून मगच बाहेर पडा.